वादळ गेल्यावर नळाला पाणी कधी येणार?

ऑगस्ट २०१९ मध्ये गोव्यात खांडेपारला रस्त्याकडेची माती खचली आणि ओपा जलशुद्धीकरण प्रकल्पातून निघणाऱ्या मुख्य जलवाहिन्या फुटल्या. नदी दुथडी भरून वाहत होती. जे मोडले ते प्रकल्पाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला मोडले. तरी फोंडा आणि तिसवाडीचे नळ काही दिवस कोरडे राहिले आणि भर पावसाळ्यात राजधानीतले लोक टँकरची वाट बघत बसले.

आपत्ती म्हटले की आपण पूर, वादळ, दरड असा विचार करतो. पाणीपुरवठा सांभाळणाऱ्याने वेगळा विचार करायचा असतो: पाणी नदीतून उचलल्यापासून नळाला पोचेपर्यंत, आणि नळातून मोरीत गेल्यापासून पुन्हा नदीत जाईपर्यंत, असा कोणता एक सांधा आहे की तो निखळला तर सगळेच थांबेल? पूर दहा वर्षांनी येवो वा दरवर्षी, तो घाव घालतो त्या सांध्यावर. म्हणून या विषयातला खरा प्रश्न दोन भागांत विचारावा लागतो. मोडले तर किती जणांचे मोडेल, आणि किती तासांत परत सुरू होईल?

गोव्यातली मांडणी आधी डोळ्यांसमोर आणू. तिसवाडी आणि फोंड्याची मदार मुख्यतः ओपावर. बारदेशची अस्नोड्यावर, पेडण्याची चांदेलवर, आणि या दोन्ही प्रकल्पांना तिळारीच्या कालव्याचा मोठा आधार. तिळारीचे धरण महाराष्ट्रात, दोडामार्ग तालुक्यात, म्हणजे तिकडे कालव्याला भगदाड पडले की इकडे म्हापशात लोक बादल्या भरून ठेवतात. सत्तरीला दाबोस, साखळीकडे पडोसे, आणि दक्षिण गोव्याचा बराचसा भार साळावली धरणावर. घरोघरी नळजोडणी असल्याचे प्रमाणपत्र मिळवणारे गोवा हे २०२२ मध्ये देशातले पहिले राज्य ठरले. कौतुकाचीच गोष्ट. पण जोडणी असणे वेगळे आणि त्या जोडणीतून वादळानंतर चौथ्या तासाला पाणी येणे वेगळे. प्रमाणपत्रात दुसऱ्या गोष्टीचा रकाना नसतो.

आता सर्वांत कच्चा दुवा. तो पाण्याचा नाहीच, विजेचा आहे.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. झाडे तारांवर पडली, खांब आडवे झाले, आणि कित्येक गावांत वीज गेली ती एकदोन दिवसांनीच आली. वीज गेली की पंप थांबतो, पंप थांबला की टाकी भरत नाही, आणि टाकी रिकामी झाली की नळ. लोकांना वाटते, जनरेटर का ठेवत नाहीत? ठेवतात, पण हिशेब करून बघा. दहा लाख लिटर पाणी १०० मीटर उंच चढवायला, पंपाची आणि मोटरची तूट धरून, साधारण ४०० युनिट वीज लागते. दिवसाला १० कोटी लिटर देणारा प्रकल्प असेल तर हे झाले ४० हजार युनिट. डिझेल जनरेटरमधून एका लिटरला साडेतीन युनिटच्या आसपास वीज मिळते. म्हणजे रोज ११ हजार लिटरहून जास्त डिझेल, एक मोठा टँकर. आणि तो टँकर यायचा त्याच रस्त्याने, जिथे झाडे आडवी पडली आहेत.

म्हणून शहाणपणाची रचना अशी असते. प्रकल्पाला दोन वेगवेगळ्या उपकेंद्रांवरून वीज हवी, आणि त्या दोन वाहिन्या एकाच खांबांच्या रांगेवरून येता कामा नयेत. हे दिसायला क्षुल्लक, पण कागदावर ‘दुहेरी फीडर’ आणि प्रत्यक्षात दोन्ही तारा एकाच फणसाच्या झाडाखालून, असे आपल्याकडे सहज होऊ शकते. शेवटच्या टप्प्यातली केबल जमिनीखालून घ्यावी. जनरेटर पूर्ण क्षमतेचा परवडत नसेल तर एक पंप, क्लोरिनची मात्रा देणारी यंत्रणा आणि नियंत्रण कक्ष एवढे चालेल इतका तरी असावा. आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे उंचावरची साठवण. गोव्याला सडे आणि पठारे आयती मिळाली आहेत. पणजीला आल्तिनोची टेकडी आहे, जवळपास प्रत्येक गावाला डोक्यावर एखादा सडा आहे. तिथल्या टाकीत एक दिवसाचे पाणी असेल तर वीज नसतानाही ते आपल्या वजनाने खाली येते. त्याला ना फीडर लागतो ना डिझेल. वादळाचा इशारा दोनतीन दिवस आधी मिळतो. तेवढ्यात सगळ्या टाक्या काठोकाठ भरून ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे, फक्त तसा लेखी हुकूम आधीपासून तयार हवा.

वीज जाण्याचा आणखी एक उपद्रव असतो, त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. पंप धाडकन थांबला की मुख्य वाहिनीतला पाण्याचा लांबलचक स्तंभ एकदम अडतो, मागे उसळतो आणि दाबाचा तडाखा पाईपला बसतो. जुना ओतीव लोखंडाचा पाईप असेल तर तो तिथेच तडकतो. वादळानंतर वीज आली, पंप लागले आणि तासाभरात चार ठिकाणी लाईन फुटली, हे लाईनमनना चांगले ठाऊक असते. पंपाजवळ योग्य व्हॉल्व्ह आणि दाब झेलणाऱ्या टाक्या बसवल्या असतील आणि पंप एकेक करून, सावकाश सुरू केले तर यातले बरेच टळते.

पुराचे गणित वेगळे आहे, आणि गोव्यात ते दरवर्षी थोडे बदलते आहे. वर्षाला सरासरी ३ हजार मिलिमीटर पाऊस पिऊन टाकणारी ही भूमी. २०२४ मध्ये तो ४ हजारांच्या पुढे गेला. २३ जुलै २०२१ चा पूर १९८२ नंतरचा सर्वांत वाईट असल्याचे खुद्द मुख्यमंत्र्यांनी सांगितले होते. सत्तरी, डिचोली, फोंड्यातली घरे त्यात गेली. काणकोणवाल्यांना २ ऑक्टोबर २००९ सांगायला नको. पावसाळा संपला असे वाटत असताना तळपण आणि गालजीबागच्या नद्यांनी एका दिवसात होत्याचे नव्हते केले.

नदीवरचा पाणीप्रकल्प नदीकाठीच असणार, त्याला इलाज नाही. प्रश्न असतो कोणती वस्तू किती उंचीवर ठेवली याचा. शेजारचे उदाहरण घ्या. कोल्हापुरात २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुरात शिंगणापूरचे उपसा केंद्र पाण्याखाली गेले. पंपाचा खालचा भाग पाण्यातच चालायचा असतो, त्याला बुडण्याची भीती नाही. बुडू नये ती मोटर आणि त्याहून जास्त तो विजेचा पॅनेल. पॅनेलमध्ये गढूळ पाणी शिरले की पूर ओसरल्यावरही काम संपत नाही: सगळे उघडा, चिखल धुवा, हीटर लावून वाळवा, मेगर (तारांचे आवरण शाबूत आहे का हे मोजणारे यंत्र) लावून तपासा, जळालेले भाग मागवा. पूर दोन दिवसांचा आणि पाणीबाणी आठवड्याची, ती यामुळे. नवी जॅकवेल (नदीकाठची पाणी उचलण्याची विहीर) बांधताना मोटर आणि पॅनेल ज्ञात महत्तम पूररेषेच्या चांगले वर, वेगळ्या मजल्यावर ठेवतात. जुन्या ठिकाणी निदान पॅनेल तरी उचलून लोखंडी मचाणावर नेता येतो. एका पॅनेलचे स्थलांतर हे नव्या प्रकल्पाच्या खर्चापुढे किरकोळ असते, पण त्याचा कोनशिला समारंभ होत नाही.

इंग्लंडमध्ये जुलै २००७ मध्ये ट्यूक्सबरीजवळचा माइथ शुद्धीकरण प्रकल्प सेव्हर्न नदीच्या पुरात बुडाला आणि ग्लॉस्टरशायरमधल्या साडेतीन लाख लोकांचे पाणी गेले. पिण्याजोगे पाणी सगळीकडे परत यायला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला. त्यानंतर तिथल्या कंपनीने दोन कामे केली. प्रकल्पाभोवती कायमची पूरभिंत उभारली, आणि त्याच भागाला दुसऱ्या स्रोताचे पाणी पोचवणारी नवी मुख्य वाहिनी टाकली. मला यातले दुसरे काम अधिक महत्त्वाचे वाटते. भिंत एका प्रकारच्या संकटाला अडवते. दुसरी वाट असली की संकट कोणतेही असो, नळ सुरू राहतो. खांडेपारला माती खचली तेव्हा पूरभिंतीचा काय उपयोग झाला असता?

ओपाचे पाणी आणि साळावलीचे पाणी, अस्नोड्याचे आणि पडोशाचे, हे गरजेला एकमेकांच्या मदतीला यावे यासाठी जोडवाहिन्या आणि मधले व्हॉल्व्ह लागतात. पूर्ण पुरवठा नाही झाला तरी चालेल. बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ), जिल्हा इस्पितळे, डायलिसिस केंद्रे आणि निवारा शाळा एवढ्यांना तरी दुसऱ्या बाजूने पाणी मिळाले तर निम्मे संकट हलके होते. आणि दोन मुख्य वाहिन्या एकाच चरात शेजारीशेजारी टाकल्या असतील तर त्यांना दोन म्हणायचे की एकच, याचे उत्तर २०१९ ने दिलेले आहे.

पुरात पाण्याची मात्रा जेवढी सतावते त्याहून जास्त त्याचा गढूळपणा सतावतो. खाणपट्ट्यातून आणि कापलेल्या डोंगरांवरून येणारी तांबडी माती नदीत उतरली की तुरटीची मात्रा वाढवावी लागते, निवळण टाक्या लवकर भरतात, वाळूचे फिल्टर तुंबतात आणि ते उलटे धुण्यातच तयार पाणी खर्च होते. प्रकल्प चालू असतो, पण निम्म्याच ताकदीने. पिण्याच्या पाण्याची गढूळता एका एककाच्या आत असावी, पर्याय नसेल तर पाचपर्यंत चालेल, असे भारतीय मानक सांगते. पुराच्या दिवशी नदीत ती शेकड्यांत असते. यावर उपाय म्हणजे तुरटी, चुना आणि क्लोरिनचा पुरेसा साठा पावसाळ्याआधी आत आणून ठेवणे, कारण घाट बंद झाल्यावर ट्रक येणार नाहीत. क्लोरिनची जड सिलिंडरे मात्र पूररेषेच्या वर आणि साखळीने बांधून ठेवायची. हा वायू हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, आणि पुराच्या पाण्यात सिलिंडर वाहून गेले तर एका आपत्तीच्या दोन होतात.

आता सांडपाणी. या विषयाकडे कोणी वळत नाही, म्हणून मी इथे जरा जास्त रेंगाळणार आहे.

मलनिस्सारण प्रकल्प नेहमी गावातल्या सर्वांत सखल जागी असतो, कारण सांडपाणी शक्यतो उतारानेच आणायचे असते. पणजीचा प्रकल्प टोंकला, मडगावचा शिरवड्याला साळ नदीच्या बाजूला, म्हापशाचा कामरखाजन भागात. शेवटच्या नावातच जागेचा इतिहास आला: खाजन म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन. म्हणजे पूर किंवा भरती आली की पाणी सर्वांत आधी तिथे पोचणार. त्यात पावसाळ्यात एक जुनी खोड उफाळून येते: लोक छपराचे पन्हळ सरळ मलवाहिनीच्या चेंबरमध्ये सोडतात. अंगणात पाणी तुंबत नाही, मालक खूश. पण मलवाहिनी घरच्या सांडपाण्याच्या मापाने केलेली असते. शंभर घरांनी तसे केले की जोरदार सरीत वाहिनी भरते, खालच्या बाजूच्या मॅनहोलचे झाकण उचलले जाते आणि मैला रस्त्यावर येतो. शिव्या मलनिस्सारण महामंडळाला बसतात, पन्हळीचा पाईप कोणी बघत नाही.

प्रकल्पात वीज गेली की काय होते? सांडपाणी शुद्ध करण्याचे खरे काम करतात जिवाणू, आणि त्यांना सतत हवा लागते. ब्लोअर काही तास बंद पडले की ते गुदमरू लागतात; बराच काळ तसेच गेले किंवा पुराच्या लोंढ्याने ते धुवून नेले तर यंत्रे सुरू होऊनही पाणी शुद्ध होत नाही. मग दुसऱ्या प्रकल्पातला जिवंत गाळ टँकरने आणून टाकायचा आणि वाढू द्यायचा, अगदी विरजण शेजारून आणावे तसे. त्याला दिवस लागतात, कधी आठवडे. तोवर अर्धवट शुद्ध पाणी नदीत जाते. म्हणून ब्लोअरना जनरेटर हवा, निदान एक तरी चालेल इतका.

भरतीचे पाणी उलटे आत शिरू नये यासाठी नाल्याच्या आणि प्रकल्पाच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणारी झडप बसवतात. हे ज्ञान आपल्याला बाहेरून आणण्याची गरज नाही. खाजन शेतीच्या बांधावरची मानस शेकडो वर्षे हेच करते आहे: भरतीच्या दाबाने लाकडी दार आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. वीज नको, माणूस नको. सांतिनेजचा व्हाळ काय किंवा पणजीतली सखल भागाची गटारे काय, भरती आणि अतिवृष्टी एकाच वेळी आली की त्यांची परीक्षा होते. दार मिटल्यावर आतले पावसाचे पाणी कुठे थांबणार, ही दुसरी अडचण. खाजनात त्यासाठी पोंय असते, पाणी साचायला राखून ठेवलेली जागा. शहरात ती जागा आपण भरून इमारती उभ्या केल्या, म्हणून आता तिथे पंप लावावे लागतात, आणि पुन्हा गाडी विजेपाशी येते.

जिथे मलवाहिनी नाही, म्हणजे गोव्याचा मोठा भाग, तिथे सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. जांभा दगड सच्छिद्र. पावसाळ्यात भूजल वर आले की शोषखड्डा पाणी घेईनासा होतो आणि तेच पाणी जांभ्यातून बाजूच्या विहिरीत झिरपते. पूर ओसरल्यावर लोक घाईने टँकर बोलावून सेप्टिक टँक पूर्ण उपसतात. तसे करू नये. सभोवतालची जमीन पाण्याने भरलेली असताना पाच घनमीटरचा टँक रिकामा केला तर खालून पाच टनांपर्यंत उचल लागते, आणि टँक हलका असेल तर तो उपटून वर येतो, जोड पाईप तोडून. भूजल खाली जाईपर्यंत थांबावे, नाहीच जमले तर थोडासाच उपसावा.

विहिरींचा विषय निघालाच आहे. नळ आल्यावर कितीतरी घरांनी विहीर बुजवली, झाकली किंवा तिच्यात पालापाचोळा कुजू दिला. गावात सार्वजनिक विहिरी आणि झरी साफ, कठडा उंच आणि पाणी तपासलेले असेल तर वादळानंतरचे पहिले दोन दिवस त्या गावाला टँकरची वाट बघावी लागत नाही. पणजीतल्या बोका द वाकाच्या झऱ्यावर कधीकाळी शहर पाणी भरायचे. आज तेच पाणी न तपासता प्या असे मी म्हणणार नाही. पण कपडे, भांडी, संडास यांना तर लागतेच ना पाणी, आणि घरातला पाण्याचा मोठा वाटा तिथेच जातो.

पुरवठा परत सुरू झाला की पहिले पाणी पिऊ नये. बंद काळात वाहिनीतला दाब जातो, आणि फटीतून बाहेरचे गटारपाणी आत ओढले जाते. थोडा वेळ नळ सोडून द्यावा, पाणी उकळी फुटल्यावर आणखी मिनिटभर उकळू द्यावे. पाण्यात क्लोरिन उरला आहे का हे बघायची सोपी चाचणी पंचायतीच्या किटमध्ये असते: नमुन्यात औषधाचे थेंब टाकले की पाणी पिवळसर होते. रंगच आला नाही तर लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम ही किमान मात्राही तुमच्या नळापर्यंत पोचलेली नाही असे समजायचे आणि खात्याला कळवायचे.

राहिली माणसे. कुठला व्हॉल्व्ह कुठे पुरला आहे, कुठली लाईन कशाखालून जाते, हे अनेकदा एखाद्या जुन्या लाईनमनच्या डोक्यात असते. तो निवृत्त झाला की नकाशाही निवृत्त होतो. पाणीपुरवठा साबांखाकडून (सार्वजनिक बांधकाम खात्याकडून) आता स्वतंत्र पेयजल खात्याकडे गेला आहे; फाइली हलल्या असतील, डोक्यातले नकाशे कोणी हलवले का? ते कागदावर, मोबाइलवर, दोनचार जणांकडे असणे हे पुरात लाखमोलाचे ठरते. तसेच सुट्या भागांचे. प्रत्येक प्रकल्पात वेगळ्या कंपनीचे, वेगळ्या मापाचे पंप असले तर एकाचा भाग दुसऱ्याला लागत नाही. मापे शक्य तिथे सारखी ठेवली आणि एक जादा मोटर, काही लांबीचे मोठे पाईप, जोड आणि वेल्डिंगचा संच मध्यवर्ती ठिकाणी राखला, तर फुटलेली लाईन मुंबईहून सामान येण्याची वाट बघत पडून राहत नाही.

आणि वर्षातून एकदा, मे महिन्यात, मुद्दाम वीज बंद करून बघायची. जनरेटर सुरू होतो का, किती वेळ चालतो, टाकी किती तास पुरते, कोण कोणाला फोन करतो. जनरेटर आहे पण बॅटरी उतरलेली, हा शोध वादळाच्या रात्री लागण्यापेक्षा मे महिन्याच्या दुपारी लागलेला बरा.

पुढच्या ग्रामसभेत पाण्याचा विषय आला की नेहमीप्रमाणे ‘नळाला कमी दाबाने येते’ एवढेच न मांडता आणखी चार गोष्टी विचारा. आपल्या टाकीत पंप बंद असताना किती तासांचे पाणी असते? आपल्याला पाणी एकाच वाहिनीने येते की दुसरी वाट आहे? पंपघराचा पॅनेल २०२१ च्या पुराच्या रेषेपेक्षा किती वर आहे? आणि वादळाच्या रात्री व्हॉल्व्ह फिरवायला येणारा माणूस कोण, तो आला नाही तर दुसरा कोण? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या.